निळ्या पॅडची चोरी

१

रविवारी सकाळी कॅप्टनची लाल स्पोर्ट्स कार माझ्या भाच्याच्या गॅरेजसमोर थांबली, तेव्हा कॅप्टन इतके खुशीत होते की उतरल्या उतरल्या त्यांनी भाच्याला मिठीच मारली. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तेच कॅप्टन पोलिसांत जायची भाषा करत होते.

आधी खुशीचं सांगते. कॅप्टन म्हणजे निवृत्त वैमानिक. आयुष्यभर लोकांना सुखरूप खाली उतरवलं आणि म्हातारपणी स्वतःच्या हौसेसाठी ही गाडी घेतली. तिला नवे ब्रेक बसवून घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलं. भाच्याचा धंदाच तो. कंपनीचे ब्रेक काढायचे आणि पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर आणि दमदार पॅड बसवायचे. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी चकतीला, दोन्हीकडून पकडणारा पंजा आणि पॅड म्हणजे त्या पंजाचे तळवे. कॅप्टननी त्यातही शर्यतीच्या गाड्यांना लावतात ते निळे पॅड हट्टाने मागवले होते.

त्या दिवशी हौशी गाडीवाल्यांची सहल गॅरेजसमोरून निघणार होती. सगळ्यांच्या देखत कॅप्टन सांगू लागले की आत्ता घरून येताना, उताराच्या तळाशी, एक सायकलवाली मुलगी एकदम आडवी आली. पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी. मुलीच्या आणि गाडीच्या मध्ये हातभर अंतर राहिलं. "तुझ्या ब्रेकनी आज एक जीव वाचवला," असं भाच्याला म्हणताना त्यांचा आवाज ओला झाला होता.

एवढ्यात त्यांचा एक मित्र, ज्याला सगळे गॉगल म्हणतात कारण तो सावलीतही गॉगल काढत नाही, ब्रेक बघायला चाकाजवळ वाकला. त्या दिवशी मात्र त्याने गॉगल काढला.

"कॅप्टन, पॅड निळे आहेत म्हणाला होतात ना? हे तर काळे आहेत."

२

मला बोलावणं आलं ते मंगळवारी. अपघात झालेल्या गाड्या तपासून कोण खरं बोलतंय ते शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता मी निवृत्त आहे, पण नातेवाइकांच्या लेखी मावशी कधी निवृत्त होत नाही.

तोपर्यंत आळ कोणावर आला होता ते ऐकून मी थेट गॅरेज गाठलं. आळ आला होता पानाकाकांवर. पानाकाका म्हणजे गॅरेजचे फोरमन, खिशात कायम एक पाना, म्हणून हे नाव. ब्रेक बसवल्यावर गाडी शुक्रवारी पुन्हा तपासणीला आली होती आणि रात्रभर गॅरेजमध्ये होती. तपासणी काकांनी एकट्याने केली होती, किल्ली त्यांच्याकडे होती. कॅप्टनचं म्हणणं असं की महागाचे पॅड काढून साधे घालायला तेवढा वेळ पुरे. बुधवारी संध्याकाळपर्यंत पॅड परत आले नाहीत तर ते तक्रार करणार होते. आणि माझ्या शहाण्या भाच्याने काकांना सांगितलं होतं, हे मिटेपर्यंत तुम्ही येऊ नका.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी बहीण गेली तेव्हा हा पोरगा वाया जाण्याच्या बेतात होता. मी नोकरीत अडकलेली, बाप खचलेला. पानाकाकांनी त्याला हाताशी धरलं, रागावले, शिकवलं, जेवायला शेजारी बसवलं. आज तो गॅरेजचा मालक आहे तो त्या माणसामुळे. देवाला हात जोडताना मी त्यांचं नाव घेते, आणि त्यांना चोर ठरवून घरी बसवलं होतं.

मी काकांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, मालकाने नको सांगितलंय. भाच्याची मान खाली गेली.

स्वतःची बाजू मांडणं या माणसाला जमतच नाही. शुक्रवारी पॅड निळेच होते, शनिवारी दुपारी कॅप्टन स्वतः गाडी घेऊन गेले, मी काही घेतलं नाही, यापलीकडे ते सरकेनात. निळ्या पॅडबद्दल विचारल्यावर भाच्याने सांगितलं की ते तापले की वाघासारखे धरतात, पण गार असताना ढिम्म. म्हणून गाडी काढल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून ते तापवून घ्यायचे. कॅप्टनना हे सांगितलं होतं का? सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मी जन्मभर विमानं थांबवली आहेत.

रागाच्या भरात कॅप्टन गाडी पुरावा म्हणून तिथेच सोडून गेले होते. मी पुढची चाकं काढायला लावली आणि खाली बसले, गुडघे नको म्हणत असतानाही.

पॅड काळे होते, पण जुने नव्हते. कोरे करकरीत होते. डिस्कवर राखाडी रंगाचा पातळ थर बसला होता, सगळीकडे सारखा. नवे पॅड घातले की गाडी वेगात नेऊन, हळू करून, पुन्हा वेगात नेऊन असा थर बसवावा लागतो, तेव्हा ते नीट धरतात. हे रटाळ काम आहे आणि चोराने ते मन लावून केलं होतं. चोरी करून पळायचं सोडून हा चोर गाडीचे ब्रेक चांगले लागावेत म्हणून रस्त्यावर फेऱ्या मारत बसला होता.

मग मला चाकाच्या नटवरचे ठिपके दिसले. पानाकाका घट्ट केलेल्या प्रत्येक नटवर पिवळी खूण करतात. ती खूण होती, पण मोडलेली, म्हणजे नट नंतर कोणीतरी सोडवून पुन्हा आवळले होते. आणि प्रत्येकावर नव्याने एक गडद किरमिजी ठिपका दिला होता. मी नखाने एक ठिपका खरवडला आणि नाकाशी धरला.

"काका, तुम्ही नेलपॉलिश लावता का?"

३

पानाकाका रविवारनंतर पहिल्यांदा हसले असावेत.

नेलपॉलिशवरून मन लगेच कॅप्टनच्या मुलीकडे धावलं. ती डॉक्टर, भूल देणारी, आणि त्या लाल गाडीची उघड वैरीण. त्या गाडीला कोणी आग लावली तर काडी माझ्याकडून घ्या, असं ती गॅरेजमध्ये येऊन सांगून गेली होती. पण जो उघड बोलतो तो सहसा लपून काही करत नाही, हे मला नोकरीने शिकवलंय. शिवाय ऑपरेशनच्या खोलीत काम करणाऱ्यांना नखं रंगवायची मुभा नसते.

म्हणून आधी पार्टवाल्याकडे, म्हणजे भाच्याला गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या दुकानदाराकडे गेले. हा गृहस्थ म्हणजे साखरेत घोळलेला मिरचीचा तुकडा. स्टूल पुढे केलं, तब्येत विचारली आणि पॅडचं नाव काढताच कानांवर हात ठेवले. भाच्याला वाटत होतं, निळे पॅड फिरून याच्याच दुकानात विकायला आले असतील. मी त्याचं दुकान बघायला गेलेच नव्हते. मला चोराने नेलेल्या पॅडपेक्षा त्याने घातलेल्या पॅडचं कोडं पडलं होतं.

"या कॅलिपरला बसणारे साधे पॅड कोणाकोणाकडे मिळतात?"

त्याने सांगितलं की कोणाकडेच नाही. त्या पॅडचा आकारच वेगळा, बाहेरून मागवावे लागतात आणि यायला महिना लागतो. अलीकडे त्याने एकही जोडी विकली नव्हती. मग गाडीत बसलेले काळे पॅड काय आभाळातून पडले? तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पाहुण्यांकडे पाहते, ते जायचं नाव घेत नाहीत तेव्हा.

"बाई, ब्रेकच्या सेटबरोबर रस्त्यावरचे साधे पॅड येतातच. निळे कॅप्टननी वरून मागवले. साधे खोक्यातच राहिले."

"आणि ते खोकं?"

"तुमच्या भाच्याने माझ्या देखत कॅप्टनच्या डिकीत ठेवलं. त्यांचं सामान, त्यांच्या घरी."

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हेच. पण नुसत्या खोक्यावरून कोणाला चोर म्हणता येत नाही. बुधवारी सकाळी मी कॅप्टनच्या घरी गेले.

घर टेकाडावर, दारातून निघालेला रस्ता सरळ उतरत जातो आणि तळाशी मोठ्या रस्त्याला मिळतो. तिथे कोपऱ्यावर शाळा. मी चालत चढले ते मुद्दाम. वाटेत ब्रेक दाबावा लागेल असं एकही वळण नाही, पहिली गरज लागते ती थेट शाळेपाशी.

दार मुलीने उघडलं. कॅप्टन आत ताठ बसले होते. त्यांच्या बायको, कॅप्टनबाई, पियानो सुरात लावायला कोणाकडे गेल्या होत्या, तो त्यांचा व्यवसाय. कॅप्टननी मला आधीच बजावलं की तुम्ही भाच्याच्या मावशी, म्हणजे त्याचीच बाजू घेणार. मी म्हटलं, बाजू मी गाडीची घेते, ती खोटं बोलत नाही. मग त्यांचा राग मोकळा होऊ दिला. त्यात ते बरंच बोलले, आणि एक कामाचं.

"नुसते पॅड नाही, माझी गाडी फिरवलीसुद्धा त्या बुटक्याने. रविवारी सकाळी बसलो तर सीट पुढे सरकवलेली. गुडघे स्टेअरिंगला लागले माझे."

मी हातातला कप खाली ठेवला. कॅप्टन चांगले ताडमाड आहेत. पानाकाका खरोखरच बुटके आहेत. पण बुटकी माणसं जगात पुष्कळ असतात.

"शनिवारी गॅरेजमधून गाडी कोणी आणली?"

"मीच."

"तेव्हा सीट कशी होती?"

"ठीकच होती. मी नेहमीसारखा..." आणि ते थांबले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. शनिवारी दुपारी सीट जागेवर होती, रविवारी सकाळी नव्हती, आणि मधल्या वेळात गाडी याच घराच्या शेडमध्ये होती. पानाकाकांनी किल्ली कॅप्टनच्या हातात दिल्यानंतर कोणीतरी ती गाडी चालवली होती.

मी मुलीकडे वळले, तर ती आधीच मान हलवत होती. शनिवारी गाडी घरी आल्यावर ती वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, ती थेट संध्याकाळपर्यंत, स्वतःच्या गाडीतून. दोघं बरोबर गेले, बरोबर परतले. म्हणजे दोघंही सुटले.

बाहेर फाटक वाजलं. कॅप्टनबाई दारात आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, खांद्यावर हत्यारांची कातडी पिशवी. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. नखं गडद किरमिजी होती.

५

मी विचारलं नाही, सरळ म्हटलं. "बाई, तुम्ही ब्रेक सुरेख बसवलेत. पण त्यापायी एका चांगल्या माणसावर चोरीचा आळ आलाय."

त्यांचा चेहरा उतरला तो माझ्या पहिल्या वाक्याने नाही, दुसऱ्याने. कोणावर आळ, कसला आळ, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. याचं कारण इतकं साधं होतं की हसावं का रडावं ते कळेना. कॅप्टननी निळ्या पॅडची हौस घरी सांगितलीच नव्हती. ब्रेक दुरुस्त करून घेतले, एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे ते चोरीला गेल्याचंही घरी सांगता येईना. रविवारी ते गाडीशिवाय, तोंड पाडून घरी आले. बाईंना वाटलं, मी केलेलं यांना कळलं आणि म्हणून रुसलेत. दोघंही गप्प बसले, एकाच टेबलावर जेवत राहिले.

"तू?" कॅप्टन एवढंच म्हणाले.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. शुक्रवारी सकाळी त्या कॅप्टनशेजारी बसून निघाल्या होत्या. उताराच्या तळाशी गाडी थांबायला हवी तिथे थांबली नाही, रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवरून पुढे गेली. शाळा भरायला अजून वेळ होता म्हणून पट्ट्यांवर कोणी नव्हतं. ब्रेक दाबल्यावर नुसता सरकल्याचा आवाज आला, सैल तारेसारखा. पुढे गर्दीत चारदा ब्रेक लागले आणि मग आवाज बदलला, पकड आली. जन्म आवाज ओळखण्यात गेलेला, त्यांना कळलं की हे ब्रेक तापल्याशिवाय लागत नाहीत. आणि आपलं घर तर उताराच्या माथ्यावर.

"मला सांगायचंस ना," कॅप्टन म्हणाले.

"सांगितलं. गाडीत सांगितलं, जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं. तुम्ही प्रत्येक वेळी हं म्हणालात."

मुलीने तोंडावर हात धरला.

मग शनिवारी बापलेक बाहेर पडल्यावर बाईंनी डिकीतलं, वर रस्त्यावरचे साधे पॅड असं लिहिलेलं खोकं उघडलं. गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली. असल्या कॅलिपरमध्ये दोन पिना ठोकून काढल्या की पॅड वरूनच निघतात, कॅलिपर खोलावा लागत नाही. हे कॅप्टननीच एकदा पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं होतं, आणि पाहुण्यांना चहा देताना बाईंनी ऐकलं होतं. पियानोच्या पिना ठोकण्यात त्यांचा हात बसलेलाच. बाकीचं त्यांनी फोनवर व्हिडिओ लावून केलं, त्यात नटवर खूण करायला सांगितलं तर घरात रंग नव्हता. मग मोकळ्या रस्त्यावर नेऊन थरही बसवून आणला. सीट मागे घ्यायची तेवढी राहिली.

त्यांनी कातडी पिशवी उघडली. हातोड्याखाली, पियानोला लागणाऱ्या फेल्टच्या लोकरी कापडात गुंडाळलेले निळे पॅड निघाले. सहल झाली की सांगणार होते, असं त्या म्हणाल्या.

कॅप्टन लाल झाले. माझ्या गाडीला मला न विचारता हात लावलास, असं काहीतरी ते म्हणणार होते, आणि मला त्यांना तिथेच अडवणं भाग होतं.

"कॅप्टन, ती सायकलवाली मुलगी कुठे आडवी आली?"

६

कॅप्टन खिडकीकडे वळले. खिडकीतून उतार दिसत होता, सरळ खालपर्यंत.

"उताराच्या तळाशी, तुम्हीच सांगितलंत. घरून निघालात, रात्रभर उभी असलेली गाडी, वाटेत एकदाही ब्रेक दाबलेला नाही. पॅड गारच होते. निळे असते तर गाडी थांबली नसती. शुक्रवारी थांबली नव्हतीच. ज्या ब्रेकचे तुम्ही आभार मानलेत ते त्या वेळी या पिशवीत होते."

बाईंना त्या मुलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. "कोण मुलगी?" असं त्यांनी विचारलं. मघाशी बापाच्या रागात ऐकलं होतं ते डॉक्टर लेकीने हलक्या आवाजात सांगितलं. हा ताडमाड माणूस मग खाली बायकोच्या खुर्चीशी बसला आणि तिचे दोन्ही हात त्याने स्वतःच्या डोळ्यांवर धरले. मी आणि मुलगी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पीत उभ्या राहिलो. खरं सांगते, तिथे उभी राहून मीही त्या ठेंगण्या बाईचे मनोमन आभार मानले. ओळखदेख नसलेल्या कुठल्यातरी आईबापांच्या वतीने मानले.

पण माझं काम संपलं नव्हतं. पानाकाकांचं नाव चारचौघांत गेलं होतं, ते चारचौघांतच परत यायला हवं होतं. हे मी सांगायच्या आधीच कॅप्टननी फोन हातात घेतला होता.

संध्याकाळी गॅरेजमध्ये गॉगलसकट रविवारची सगळी मंडळी हजर होती. भाच्याने जाऊन काकांना आणलं. तो त्यांच्या पायाशी वाकला तेव्हा काकांनी त्याला वरच्या वर उचललं आणि पाठीत एक धपाटा घातला. त्यांच्यापुरतं ते तिथेच मिटलं.

कॅप्टननी काहीही लपवलं नाही. निळ्या पॅडचा हट्ट, बायकोला दिलेले हं, ती मुलगी, सगळं सांगितलं. शेवटी काकांसमोर जाऊन हात जोडले. "चूक माझी होती आणि चोर मी तुम्हाला ठरवलं. मला माफ करा."

पानाकाकांनी हातातला पाना खिशात ठेवला. मग म्हणाले, "साहेब, माझ्या घरी काही माहीत नाही. मला सांगवलं नाही. सोमवारपासून डबा घेऊन निघतो, दिवसभर बागेत बसतो, वेळ झाली की घरी जातो. बायको विचारते, आज काय काम होतं. मी कुठल्यातरी गाडीचं सांगतो."

कॅप्टननी काकांचा हात धरला.

"मी येऊ का घरी? मीच सांगतो त्यांना."

काकांनी विचार केला. "या. पण गाडी मी चालवतो."

तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. लाल गाडी गल्लीतून बाहेर पडली, स्टेअरिंगवर पानाकाका, शेजारी गुडघे आवळून बसलेले कॅप्टन. पुढचं मला कॅप्टननीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. वाटेत त्यांनी मोठं भाषण तयार केलं होतं आणि काकांच्या दारात उभं राहून ते अथपासून इतिपर्यंत केलं. काकांच्या बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कॅप्टनना त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याकडे वळून त्यांनी फक्त एवढंच विचारलं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही एकटेच जेवत होतात?"